अगराची पारख

माझ्या पत्नीच्या थोरल्या मामांइतका स्वतःच्या नाकावर विसंबलेला माणूस उभ्या निजाम इलाख्यात दुसरा नसेल. कळंबच्या पेठेत त्यांचं अत्तराचं दुकान होतं. आलेलं पत्र ते आधी हुंगत आणि मग फोडत. पंगतीला बसले की वरणाची वाटी नाकाशी नेऊन, यजमानाच्या देखत, "तूर औंदाची न्हाय," असं जाहीर करत. दुकान उघडं असेपर्यंत घरात लसणाची फोडणी द्यायला मामींना बंदी होती, त्यामुळे त्या घरात आमटी कायम दुकान बंद झाल्यावरच शिजे. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. शाळा सुटल्यावर त्यांच्या गादीवर टेकलो, की आधी ते माझा सदरा हुंगत आणि आज कुठल्या विहिरीचं पाणी वापरलं ते सांगत. बहुतेक वेळा ते बरोबरही असे.

या सगळ्या थाटामाटात ते गंभीर होत ते फक्त अगराजवळ. हैदराबादेहून आलेलं ते काळं लाकूड तळहातावर ठेवून ते मला सांगत, "जावईबापू, धडधाकट झाडाला ह्यो वास न्हाय. आसामाकडं ह्या झाडाला कीड लागती, जखम व्हती, तवा कुठं आत राळ धरती. त्या राळेचा ह्यो वास." त्या लाकडाच्या तेलाचं अत्तर ते गिऱ्हाईक पारखूनच देत.

एका पावसाळ्यात मामा तापानं महिनाभर अंथरुणाला खिळले. उठले, पुन्हा गादीवर बसले, पण त्यांच्या शेजारच्या शेगडीवर दूध करपून धूर झाला तरी ते शांत बसल्याचं मामींनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या सूप घेऊन दुकानाच्या आतल्या दाराशी धान्य निवडायला बसू लागल्या. नवा माल आला, की मामा म्हणत, "अगं, बूच जरा घट्ट करून दे." मामी बूच लावता लावता हुंगत; कुपी उजव्या हातानं परत दिली तर माल खरा, डाव्या हातानं दिली तर भेसळीचा. दोन वर्षं हे चाललं. मी रोज समोर असूनही मला कळलं नाही.

मग एकदा तहसीलदारांनी मामांना चावडीवर बोलावलं. मीही बरोबर गेलो. उरुसासाठी एका म्हाताऱ्या फिरत्या अत्तरवाल्याकडून त्यांनी अगराचं अत्तर घेतलं होतं, आणि ते नकली असल्याचं कुणीतरी त्यांच्या कानात भरलं होतं. म्हातारा कोपऱ्यात हात जोडून उभा होता. "सच बोलो सावकार," तहसीलदार म्हणाले, "नकली हुआ तो इसको बंद करता हूँ." नेमक्या त्याच वेळी मामी जत्रेसाठी माहेरी, अणदूरला गेलेल्या. मामांनी कुपी नाकाशी धरली. बराच वेळ धरली. 'असली' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. 'नकली' म्हटलं तरी त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

"साब," ते म्हणाले, "माझं नाक दोन सालामागंच गेलंय. दुकान चालतंय ते बायकोच्या नाकावर. तिला येऊ द्या."

चावडीत हशा पिकला. मामा मान खाली घालून उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी मामी आल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्यांनी कुपी हुंगली. "अगर खरं हाय. कुपीत आदी चंदनाचं तेल व्हतं, ती नीट धुतल्याली न्हाय, म्हनून येगळं वाटतंय." म्हाताऱ्यानं कबूल केलं, कुपी जुनीच होती. तो सुटला आणि जाताना मामांच्या पाया पडू लागला. मामांनी त्याला मामींकडं वळवलं.

घरी आल्यावर मामा गादीवर न बसता आतल्या दाराशी, मामींच्या शेजारी बसले. "कसा व्हता गं वास?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. मामी अडखळल्या. "सारवल्याल्या खोलीत कुनी गूळ जाळावा, अन् मागून जुनी सागवानी पेटी उघडावी, तसा." मामा डोळे मिटून ऐकत होते.

पुढं ते रोजचंच झालं. गिऱ्हाइकं उघडपणे मामींना विचारू लागली, आणि दुकान बंद झाल्यावर मामी दिवसभराचे वास मामांना सांगत बसत. मामा गेले तेव्हा, मामींनी दुकान चालवावं म्हणून मी पुष्कळ आग्रह केला. मामी हातातल्या कुपीचं बूच लावत म्हणाल्या, "वास येतोय हो मला. पन आता सांगू कुनाला?"