वहिनीचा उजवा हात

आमची वहिनी कामाला वाघ. लॉन्ड्रीत शर्टांना इस्त्री करते. तिथे कुरकुर करणारीला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात, म्हणून दुखलंखुपलं तरी ती तोंडातून चकार शब्द काढत नाही. वाफेच्या प्रेसमध्ये तिचा उजवा हात सापडला, जखम भरली आणि आकसलेली कातडी बोटांना तळव्याकडे ओढू लागली, तरी ही बाई डाव्या हाताने काम रेटत राहिली. सांधे एकदा आखडले की बोटं कायमची गेली, असं मलमपट्टी करणाऱ्या नर्सने मला बाजूला घेऊन बजावलं. म्हणाली, लवकरात लवकर प्लास्टिक सर्जन गाठा.

गाठा म्हणे! आमच्याकडे फक्त सरकारी विम्याचं कार्ड. मी फोनला चिकटले. जिथे कार्ड चालायचं तिथे सर्जन नसायचा. जिथे सर्जन असायचा, तिथे कार्डाचं नाव काढताच रिसेप्शनवरच्या मुलीचा मधाळ आवाज कडू व्हायचा. एकीने विचारलं, "नाक करायचंय की ओठ?"

"हात," मी म्हणाले.

"हात आम्ही करत नाही."

बोटं अजून अजून मिटत चालली होती. रात्री मला झोप लागेना. वहिनी उलट मलाच समजावायची, "अगं, नाही झालं तर राहील असाच." ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला कार्ड घेणारे एक डॉक्टर सापडले. सकाळपासून बाकावर बसून आमचा नंबर दुपारी लागला. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "रोजची कामं होतात?"

"सगळी होतात," वहिनी म्हणाली.

त्यांनी आपला पांढरा कोट पुढे केला. "बटण लावून दाखवा."

पठ्ठीने कोट कोपराखाली दाबला आणि डाव्या हाताने सगळी बटणं लावली. वर त्याची सुरेख घडीही घालून दिली!

"मग हे ऑपरेशन नुसतं दिसण्यासाठी ठरतं," डॉक्टर म्हणाले. "त्याला विमा पैसे देत नाही."

"वहिनी, इथे तुला कामावर ठेवायला कोणी बसलेलं नाही!" मी ओरडलेच. मग तिचा डावा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. "आता सांगा डॉक्टर, लावायला."

वहिनी हसतच पुढे झाली. वाकडी बोटं बटणाला लागली आणि घसरली. पुन्हा घसरली. तिचं हसू मावळलं. इतके दिवस तिने तो हात एकटा वापरूनच पाहिला नव्हता. डावा हात सोडवायला ती धडपडू लागली. मला तिची इतकी दया आली, पण मी सोडला नाही.

"नाही गं होत," ती शेवटी म्हणाली.

डॉक्टरांनी कार्ड मागून घेतलं. "ऑपरेशन करू. पण उशीर झालाय. दोन बोटं सुटतील, बाकीच्यांची खात्री देत नाही."

"दोन खूप झाली," वहिनी लगेच म्हणाली, जणू डॉक्टरांचीच समजूत काढत होती. मग मात्र तिला रडू आवरेना, आणि मलाही.