कावळ्यासाठी शेवटचा भाग

मुलांनो, तुम्ही उजवीकडून डावीकडे वाचता ना, तसलं जपानी चित्रकथेचं पुस्तक, ते मांगा, मी परवा गोदावरीच्या घाटावर पाहिलं. शेजारच्या काकांच्या दहाव्याला गेले होते. पलीकडे एक सत्तरीचे गृहस्थ बायकोच्या पिंडापुढे उभे होते आणि कावळा काही शिवेना. मेहुण्याने "ताई, नातीचं लग्न थाटात करू" असं वचनही दिलं, पण कावळा ढिम्म.

मग गृहस्थांनी पिशवीतून मांगा काढलं आणि चष्मा पुसला. "हिचा शेवटचा भाग वाचायचा राहिला होता," असं म्हणून ते कावळ्याला वाचून दाखवू लागले. नायक अमर, नायिका मरून पुन्हा जन्मणारी आणि तो दर जन्मी तिला शोधणारा. चित्रं दिसावीत म्हणून प्रत्येक पान ते कावळ्यासमोर धरत होते.

अर्ध्या तासाने गुरुजी वैतागले. "अहो, शेवटी भेटतात का, तेवढं सांगून टाका!"

गृहस्थांनी शेवटचं पान उघडलं. "भेटतात. पण ती ओळखच दाखवत नाही. या जन्मी मला एकटीला राहू दे, म्हणते."

कावळा झेपावला आणि पिंडाला शिवला. सगळ्यांनी हुश्श केलं.

गृहस्थ माझ्याकडे वळले. "चाळीस वर्षं संसार केला हो. आणि हिला हे ऐकायचं होतं?"

मला तिचं म्हणणं पटलं होतं, पण ते घाटावर कसं सांगणार?