संक्रांतीच्या रांगोळीतला शनी

माझ्या आईला मी शनीची रांगोळी काढायला लावली आणि सांगितलं की हा गुरू आहे. कुणाला हसू येईल. पण माय दर शनिवारी मारुतीला तेल घालते आणि दिवेलागणीनंतर शनीचं नावही घेत नाही, नुसतं 'त्यो' म्हणते. म्हणजे ती थाप मला किती जड झाली होती, ते कळेल.

दिवाळी झाल्यावर मी तिला परभणीकडच्या आमच्या गावातून इथं तेलुगू मुलखात, कुकटपल्लीला घेऊन आलो. गावात ती एकटीच असते आणि गुडघे दुखतात. आली तेव्हापासून तिची पिशवी भरलेलीच होती. लुगडं धुऊन वाळलं की घडी घालून परत पिशवीत. "संक्रांत झाली की जाते बघ," असं ती रोज चहा पिताना म्हणायची. इथं तिला काय कमी आहे, असं मी मनाशी म्हणायचो आणि मग माझीच मला लाज वाटायची, कारण तिला इथं करायला काही नव्हतं. गुडघ्यांमुळे बायको तिला स्वयंपाकघरात उभी राहू देत नव्हती. लेकीचं मराठी अर्धं आणि आजीचं हिंदी त्याहून अर्धं. तिला आणून मी नुसतं बसवून ठेवलंय, असं मला वाटायचं.

तिच्या हिशेबानं माझी साडेसाती चालू आहे. तिच्या सांगण्यावरून मी मलकपेठेच्या रेसकोर्सवर जाऊन रेसच्या घोड्याची जुनी नाल आणली आणि दारावर ठोकली. पळणाऱ्या घोड्याची नाल म्हटल्यावर ती खूश झाली होती. साडेसातीही लवकर पळेल, असं तिनं मला समजावलं.

मला एक नाद आहे. मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करतो, विज्ञान बारावीलाच सुटलं. पण अंतराळातल्या दुर्बिणींनी आणि ग्रहांकडे गेलेल्या यानांनी पाठवलेले फोटो मी रोज बघतो आणि त्यातलं काहीबाही जेवताना घरच्यांना सांगतो. दूरच्या कुठल्याशा ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाच्या हवेत पाण्याची वाफ सापडली, हे मी उत्साहानं सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "आपल्या नळात कधी सापडणार, ते विचारा त्यांना."

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी शनीच्या उत्तर ध्रुवाचा फोटो बघत होतो. तिथं ढगांची एक षटकोनी आकृती आहे. वाऱ्याचा प्रवाह ध्रुवाभोवती गोल फिरायचा सोडून सहा बाजू करून फिरतो, आणि त्यातली एकेक बाजू आपल्या पृथ्वीच्या रुंदीहून मोठी आहे. मधोमध एक वादळ गरगरत असतं. पूर्वी दोन यानं शनीजवळून गेली, त्यांच्या फोटोंत ही आकृती पहिल्यांदा सापडली. नंतर शनीभोवती वर्षानुवर्षं फिरलेल्या यानानं ती नीट दाखवली.

माय माझ्या खांद्यावरून डोकावली. "काय बघायलास?"

मी फोन तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाली, "हे तर तेरा ते सात."

ठिपक्यांच्या रांगोळीतला हा तिचा हातखंडा. मधल्या ओळीत तेरा ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत सातापर्यंत. बाहेरची कड आपोआप सहा बाजूंची होते. किती दिवसांनी तिचा चेहरा असा उजळला होता. तिनं विचारलं, "कुठलं हे?"

मी म्हणालो, "गुरूवरचं."

का म्हणालो? खरं सांगितलं असतं तर तिनं फोन तिथंच ठेवून हात धुतले असते. मला तो उजळलेला चेहरा अजून थोडा वेळ हवा होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी माय गॅलरीत पाटावर बसून ठिपके टाकत होती. आमच्या इमारतीत संक्रांतीला मुग्गुलूची, म्हणजे रांगोळीची स्पर्धा असते. खाली सेलरमध्ये, म्हणजे पार्किंगमध्ये, गाड्या हटवून प्रत्येक घराला खडूनं एक चौकोन आखून देतात. समोरच्या तेलुगू काकूंनी मायला त्यात ओढलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. एक तेलुगूत बोलायची, दुसरी मराठीत, आणि मध्ये रांगोळीचा डबा. तासन्तास त्यांचं सुरळीत चालायचं. लेक रंग भरायला बसू लागली. वाऱ्याच्या रेघा कशा वळतात, वादळ कुठं येतं, हे माय मला पुन्हा पुन्हा विचारायची आणि मी सगळं खरं सांगायचो, एक नाव सोडून. इकडे तिनं अख्ख्या इमारतीला सांगून टाकलं की आमची रांगोळी गुरूची आहे.

रंग जुळवायला लेकीनं स्वतः फोटो शोधले. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, ये तो शनी है. आजीला कळलं ना, तर तुमचं काही खरं नाही."

"तिला सांगू नकोस."

"मी कैकू सांगू? तुमचं तुम्ही बघा."

मी रोज ठरवायचो की आज सांगतो. पण रोज ती आदल्या दिवशीपेक्षा जास्त आनंदात असायची.

संक्रांतीच्या सकाळी सेलरमध्ये माणसांची गर्दी होती. कुणाच्या चौकोनात मोर होते, कुणाच्या पतंग. काकूंनी शेणाच्या गोळ्यांवर झेंडूची फुलं खोचून ते गोळे आपल्या मुग्गूत मांडले होते. आमचा षटकोन अर्धा निळा, अर्धा सोनेरी होता, कारण काही वर्षांत तिथला रंग निळ्याचा सोनेरी होत गेल्याचं यानानं टिपलं होतं. मायनं मधल्या वादळावर हळदीकुंकू वाहिलं, तिळगूळ ठेवला, आणि ती पाटावरूनच हात जोडून वाकायला लागली. गुरूला.

तिथं मात्र माझ्यानं राहवेना. तिचा नमस्कार मी खोट्या नावावर कसा होऊ देऊ? मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो आणि म्हणालो, "माय, हा गुरू नाही. शनी आहे."

तिचे जोडलेले हात तसेच राहिले. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. लेक रंगाच्या वाट्या उगाच हलवू लागली.

"कवापासून ठाऊक आहे तुला?"

"पहिल्यापासून."

"मग गुरू कामून म्हणलास?"

"तू काढली नसतीस. आणि लगेच गावाला निघाली असतीस."

ती रांगोळीकडे बघत बसली. हातानं आता ती सगळी पुसून टाकणार, असं मला वाटलं. पण तिनं विचारलं, "त्याच्याकडं एवढं सुंदर आहे, हे आधी कसं कुणाला दिसलं नाही?"

मी सांगितलं की शनीभोवती फिरणारं यान पोचलं तेव्हा तिथं उत्तरेला हिवाळा होता, ध्रुवावर वर्षानुवर्षांचा अंधार. आधी उष्णतेच्या किरणांवरून अंधारातच आकृती टिपावी लागली. सूर्य उत्तरेकडे सरकायला काही वर्षं लागली आणि मग उजेडात ती पूर्ण दिसली.

"सूर्य उत्तरेला सरकला, म्हणजे तिथली संक्रांतच की," माय म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अरे, आज सूर्य कुठं जातो ठाऊक आहे का तुला? मकरेत. मकर घर कुणाचं? शनीचं. आणि शनी कुणाचा? सूर्याचा लेक. आज बाप लेकाच्या घरी जातो. तीळ तरी कुणाला आवडतात?"

मी तिळाचा डबा तिच्याजवळ सरकवला.

"एवढं शिकलास, नोकरी करतोस, आणि आईला फसवायला नेमकी आजचीच रांगोळी सापडली." पण ती हसत होती. तिनं डब्यातून आणखी एक मूठ तीळ घेऊन मधल्या वादळावर घातले आणि वाकून नमस्कार केला. मग काकूंना हाक मारून ठणठणीत आवाजात म्हणाली, "गुरु नाही, शनि, शनि!" काकूंनी आधी कानांना हात लावले. मग मायचं तोंड बघून त्याही हसायला लागल्या, आणि आपल्या ताटातले थोडे तीळ आमच्या रांगोळीत टाकून गेल्या.

पहिलं बक्षीस मोरांना मिळालं. परीक्षक बाईंना आमच्या वाऱ्याच्या रेघा चुकलेल्या वाटल्या. लेक दिवसभर त्यांना नावं ठेवत होती.

संध्याकाळी चहा घेताना मी वाट बघत होतो. संक्रांत झाली होती, आता ती गाडीची चौकशी करेल. पण तिनं माझा फोन मागितला. "आता खऱ्या गुरूचं दाखव."

मी शोधून दाखवलं. दुसऱ्या एका यानानं गुरूच्या दोन्ही ध्रुवांचे फोटो काढले आहेत. उत्तरेला मधल्या वादळाभोवती आठ वादळं, आणि दक्षिणेला, यान पोचलं तेव्हा, पाच.

"आठाचं सोपं आहे," ती म्हणाली. "पाचाचं ठिपक्यांत बसत नाही." तिनं बोटानं मांडीवर काहीतरी गिरवून बघितलं, मान हलवली, परत गिरवलं. मग तिनं पिशवी जवळ ओढली, तळातून रांगोळीची जुनी पितळी डबी काढली आणि लुगडी बाहेर पलंगावरच राहू दिली.

"होळीपर्यंत बसवते," ती म्हणाली. "तुझ्या बायकोला विचार, एखादा कप्पा रिकामा आहे का."