तीन बारशांची साक्ष

परळच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत शांता शिरसाठ यांना सगळे मावशी म्हणतात. ओळख झाल्यावर दोन मिनिटांत त्या समोरच्याला भाचा करून टाकतात, त्यामुळे दुसरं काही म्हणायची सोयच नाही. जन्मभर नर्सिंग केलेल्या या बाईच्या पोटात गोष्ट राहत नाही. वॉर्डात मुलगी झाली की बापाच्या आधी चहावाल्याला कळायचं.

अशा बाईवर देवाने एक गुपित सोपवलं. देवालाही गंमत आवडत असावी.

गुपित म्हणजे अपेक्षा, मावशींची खरीखुरी भाची. ती परदेशात नर्स आहे. तो देश असा, की तिथल्या माणसाने ख्रिस्ताचं नाव घेतलं तर तुरुंग, आणि त्याला मदत करणाऱ्यालाही तुरुंगच. अपेक्षाच्या भाड्याच्या खोलीत दर शुक्रवारी चार-पाच माणसं दार लावून प्रार्थनेला बसायची, आणि परळच्या चाळीतून मावशी फोनवर त्यांच्या सोबतीला. गाणी शिकवायच्या, दुखण्याखुपण्यावर औषध सांगायच्या, कोणाला घरच्यांनी हाकललं तर त्याच्यासाठी इथे उपास करायच्या. मध्ये बसून भाषांतर करायला अपेक्षा.

फोन कोणी ऐकत असेल, म्हणून दोघींनी शब्द ठरवले होते. प्रार्थना म्हणजे भिशी, बाप्तिस्मा म्हणजे बारसं. मावशींनी हे इतकं मनावर घेतलं, की शेजारच्या चंपाताई, ज्या खरोखरची भिशी चालवतात, ‘मला सोडून बाहेरच्या भिशीत जाता’ म्हणून वर्षभर रुसून होत्या. तरी मावशी फुटल्या नाहीत.

मग एका शुक्रवारी अपेक्षा म्हणाली, तीन बारशी झाली. मावशींच्या गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी त्या हलल्या नाहीत.

आता आमच्याकडे पद्धत अशी, की आनंदाची गोष्ट घडली की रविवारी मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची. कोणाचा मुलगा पास झाला, कोणाचा मुतखडा पडला, एकदा तर एकाने नव्या फ्रिजसाठी देवाचे आभार मानले. मावशी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यापुढे पेच होता. फोनवर बारसं ठीक आहे, पण देवाच्या घरात थाप कशी मारायची? त्यांनी खरं तेच सांगितलं. अपेक्षाचं पूर्ण नाव, देश, शहर, बाप्तिस्मा घेतलेले तिघे. मंडळी मोठ्याने ‘आमेन’ म्हणाली.

खाली बसताना मावशींचं लक्ष हार्मोनियमशेजारच्या स्टँडकडे गेलं. त्यावर उपासनेचं चित्रण करणाऱ्या हितेंद्रचा मोबाइल. लॉकडाउनपासून आमची उपासना इंटरनेटवर लाइव्ह जाते, आणि त्या मोबाइलची आम्हाला भिंतीवरच्या पालीइतकी सवय झाली आहे.

पाळकसाहेबांचा उपदेश सुरू असताना मावशी सरळ चालत गेल्या.

“हितू, हे बाहेर दिसतं?”

“सगळीकडे दिसतं, मावशी.”

“पूस.”

हितेंद्रला ते बंद करता आलं, पण पुसता येईना. मंडळीच्या खात्याचा पासवर्ड सेक्रेटरी सौमित्रकडे, आणि सौमित्र गिरगावात खोताच्या वाडीत मित्राकडे जेवायला गेलेला, फोन उचलत नव्हता. मावशी आणि हितेंद्र, दोघांनी टॅक्सी पकडली. एरवी मावशी टॅक्सीवाल्याचं गाव, बायको आणि शुगर विचारून घेतात. त्या दिवशी गिरगावपर्यंत अक्षर नाही. हितेंद्र बघणाऱ्यांची नावं तपासत होता. सगळी ओळखीची, नगरकडचे नातेवाईक. एकच खातं बिननावाचं, बिनफोटोचं. ते सुरुवातीपासून होतं आणि मावशींची साक्ष संपताक्षणी निघून गेलं होतं.

“हा कोण रे?” मावशींनी विचारलं. हितेंद्रने खातं उघडून पाहिलं, आत एकही पोस्ट नव्हती.

सौमित्र फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, खात बसला होता. तेलकट बोटाने त्याने व्हिडिओ पुसला. अपेक्षाचा फोन मात्र बंद.

सोमवारीही बंद, मंगळवारीही. मावशी जेवेनात. चंपाताई रुसवा विसरून कालवण घेऊन आल्या, ते तसंच राहिलं. ताप मोजायला बसावं तशा मावशी फोनसमोर बसून होत्या.

बुधवारी अनोळखी नंबर वाजला. मावशींनी उचलला आणि आयुष्यात प्रथमच आधी समोरच्याला बोलू दिलं.

“मावशी, मी अपू. लाइव्हमध्ये ते बिननावाचं खातं दिसतं ना, ते माझंच. दर रविवारी बघते तुम्हा सगळ्यांना.”

स्वतःचं नाव ऐकल्याबरोबर तिने सगळ्यांना येऊ नका म्हणून निरोप धाडले होते आणि फोनचं कार्ड फेकून दिलं होतं. आदल्या दिवशी घरमालक दोन माणसं घेऊन आला. खोलीत ती एकटीच, भेंडी चिरत होती. माणसं पलंगाखालीसुद्धा वाकून पाहून गेली.

“मी तुला खड्ड्यात घातलं असतं गं,” मावशी म्हणाल्या.

“घातलंच असतंस. पण तू उभी राहिलीस ना, तेव्हा आधी बरंच वाटलं. आमच्यासाठी मोठ्याने कोणीतरी आमेन म्हणालं.” मग तिचा आवाज खाली आला. “आता भिशी बंद. मी करेन तेव्हाच फोन. तू करायचा नाहीस.”

त्याला आता बरेच महिने झाले. मावशी अजून शुक्रवारी उपास धरतात आणि फोन समोर ठेवून ती गाणी नुसत्या ओठांनी म्हणतात. परवा चंपाताईंनी सहज विचारलं, तुमच्या त्या भिशीचं काय झालं हो?

“सध्या बंद आहे,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी कधी नव्हे ते गप्प बसून चंपाताईंसमोर चहा ठेवला.