आवाज येते का?

अकोटकडच्या मोबाइल टॉवरचं एखादं चॅनेल बंद पडलं, की अकोल्यात माझ्या स्क्रीनवर लाल अलार्म येतो. मी तिथल्या टेक्निशियनला फोन करतो. "पाहून राहिलो ना, साहेब!" हे तो टपरीवर चहा पितानाही म्हणतो, वैताग येतो. पण अलार्म गेला तरी त्याचा स्क्रीनवर भरवसा नाही. टॉवरखालूनच बायकोला फोन लावतो, "आवाज येते का?" ती "येते" म्हणाली, की लगेच कट.

काल मी सोबत होतो. दिवसभराच्या उन्हानं दोघेही पार गळालो होतो. टॉवरच्या मशीनमधलं बिघडलेलं कार्ड बदलून त्यानं बायकोला फोन लावला, स्पीकरवर विचारलं, "आवाज येते का?"

"येते. तुमी कवा येता?"

त्यानं फोन कापला.

"चॅनेल चालू झालं, साहेब. आता कोनता टावर?"