बांधकामावरचं बुजगावणं

समोरच्या प्लॉटवर पाटलांचं घर कधीपासून नुसत्या खांबांवर उभं आहे. सिमेंटचे आणि सळयांचे भाव चढत गेले, तशी घराची वाढ खुंटली. दृष्ट लागू नये म्हणून पुढच्या खांबाला एक बुजगावणं मात्र बांधलेलं आहे. आज सकाळी पाटील स्टुलावर चढून त्याला स्वतःचा इस्त्रीचा शर्ट घालत होते.

"अहो, अजून भिंतीसुद्धा नाहीत, दृष्ट कशाला लागेल?" मी खिडकीतून विचारलं.

स्टूल धरून उभ्या असलेल्या पाटीलवहिनी म्हणाल्या, "आम्ही अजून भाड्याच्या खोलीत. या घरात राहतो तो हा एकटाच. मग त्यानं नीटनेटकं नको का राहायला?"

मी हसलो. मग माझ्या भाड्याच्या खिडकीतून त्याच्याकडे बघतच बसलो. चारी बाजूंनी वारा, भरपूर उजेड आणि 'खोली खाली करा' म्हणणारं कुणी नाही. घराचं माहीत नाही, पण त्या बुजगावण्याला आज माझी दृष्ट नक्की लागली.