ओलाव्याचं मशीन आणि त्याचे ड्रायव्हर

चिखलीत सोयाबीनचा ओलावा मोजायचं मशीन बनवणाऱ्या कारखान्यात मी नोकरी करतो. आमच्याकडे मशीनपेक्षा किस्सेच जास्त तयार होतात, आणि ते दुरुस्तीला परत येत नाहीत.

आम्ही तिघं. मालक देशमुख साहेब, मी आणि धाड गावची संगीता. मशीनच्या आत लिनक्स चालतं. त्याच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, दोन नोंदी लागतात. एक सेन्सरची, दुसरी तो चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमची. दोन्हींतलं नाव जुळलं की कर्नेल त्यांची गाठ घालून देतं.

*

एकदा सेन्सर चालेना. मी दोन दिवस वायरी बदलल्या, साहेबांनी नारळ फोडला. संगीता रजेवरून आली आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बसली. 'ओलावा'च्या स्पेलिंगमध्ये मी एकीकडे व्ही टाकला होता, दुसरीकडे डब्ल्यू. मग कर्नेलनं चूक काऊन नाही दाखवली, असं साहेबांनी विचारलं.

"त्याले वाटलं, हे दोघं वळखीचे नाहीत," ती म्हणाली.

*

वीजपुरवठा तयार नसला की ड्रायव्हर 'आत्ता नाही, नंतर' असं कळवतो, आणि कर्नेल त्याला पुन्हापुन्हा विचारत राहतं. हे साहेबांना समजवायला मी अर्धा तास राखून ठेवला होता. त्यांना मिनिटात समजलं. संगीताचा रजेचा अर्ज तेव्हा तिसऱ्यांदा त्यांच्या टेबलावर होता.

*

माझ्या पहिल्या ड्रायव्हरात नोंद करणारी ओळ होती, नोंद काढणारी नव्हती. तो काढून परत टाकला की कर्नेल म्हणे, या नावाचा आधीच आहे. मग मी मशीन बंद करून चालू करायचो आणि साहेबांना सांगायचो, टेस्टिंग सुरू आहे. महिनाभर ते माझ्यावर खूश होते. संगीतानं कोड पाहिला.

"दाखला न काढता पोराचं नाव दुसऱ्या शाळेत घालून राह्यले तुम्ही."

*

ड्रायव्हरमध्ये लिहिणाऱ्याचं नाव टाकायची जागा असते. मशीनमध्ये शेवटी गेलेले चारही ड्रायव्हर संगीतानं दीड वर्ष खपून लिहिलेले. तिथं तिचं नाव दिसल्यावर साहेब म्हणाले, कंपनी माझी, नावही माझंच पाहिजे. तिनं ते बदललं. मला वाईट वाटलं. माझी हिंमत तेवढीच.

पुढच्या महिन्यात पुण्याहून एका मोठ्या खरेदीदाराच्या इंजिनीअर बाई आल्या. मशीन झकास चाललं. बाईंनी ड्रायव्हरची माहिती स्क्रीनवर काढली, नाव वाचलं आणि खुर्ची साहेबांकडे वळवली.

"सुंदर लिहिलंय तुम्ही. फक्त नोंद काढण्याआधी सेन्सर का थांबवता, तेवढं सांगा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "संगीता, सांग बरं यांना."

संगीतानं वही मिटली.

"साहेब, त्यायनं लिहिणाऱ्याले इचारलं."